दोन फुटांतून चार फुटांत

मध्यमवर्गीय घरात कोणतीही मोठी वस्तू यायची म्हटली की तीन प्रश्न विचारले जातात. केवढ्याला पडेल, ठेवायची कुठे आणि पुसायची कोणी? फ्रिज असो, दिवाण असो की वॉशिंग मशीन, या तीन प्रश्नांच्या चाळणीतून गेल्याशिवाय ती उंबरठा ओलांडत नाही. माशांच्या टाकीचं मात्र तसं होत नाही. पहिले दोन प्रश्न मोठ्या आवाजात चर्चिले जातात आणि तिसरा निघाला की घरातली माणसं एकदम टीव्हीकडे बघू लागतात. गेले सहा महिने आमच्या घरात या तिसऱ्या प्रश्नावरच घोडं अडलं होतं. त्या निमित्तानं जे वाचलं, मोजलं आणि विचारून घेतलं, ते आपल्यापुढे ठेवावं असं वाटलं. कारण ही हौस आता पुष्कळ घरांत आहे, आणि दोन फुटांची टाकी असलेल्या प्रत्येक घरात कधी ना कधी ‘आता जरा मोठी घेऊ या’ हा ठराव मांडला जातोच.

आधी ‘जरा मोठी’ म्हणजे किती, ते बघू. आमच्या हॉलमधली टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. घरात मांडलेला प्रस्ताव चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच अशा टाकीचा. बोलताना सगळे ‘दुप्पट’ म्हणतात, कारण नजर लांबीवर असते. प्रत्यक्षात लांबी दुप्पट, रुंदी दीडपट आणि उंची दुप्पट, म्हणजे पाणी सहापट! एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावतं. जुनी टाकी काठोकाठ भरली तर ५७ लिटरची, नवी ३४० लिटरची. शाळेत आपण घनफळाची गणितं केली ती परीक्षेपुरती, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा माशांची टाकी घ्यायला निघावं.

पाहुणे आले आणि राहिले

आमच्याकडे मासे हौसेनं आले नाहीत, ते पाहुणे म्हणून आले. मुलगी २०१७ मध्ये वर्गातल्या एका मुलाच्या वाढदिवसाला गेली होती. पूर्वी वाढदिवसाहून परतताना मुलांच्या हातात फुगा आणि वेफर्सची पुडी असायची. हल्ली ‘रिटर्न गिफ्ट’ असतं. त्या घरी आलेल्या प्रत्येक मुलाला पाण्यानं फुगवलेली प्लास्टिकची पिशवी मिळाली, आणि प्रत्येक पिशवीत बोटाच्या पेराएवढे दोन गोल्डफिश. बहुतेक पिशव्यांची गोष्ट आठवडाभरात संपली असणार. आमचे दोघे टिकले, वाढले आणि आज शेपटीसकट वीतभर झाले आहेत. एक फूट रुंदीच्या टाकीत वीतभर माशाला वळायचं म्हणजे चाळीच्या जिन्यात कपाट वळवण्यासारखं आहे. शेपूट काचेला घासल्याशिवाय वळण पुरं होत नाही.

गोल्डफिश हा काही लहानसहान मासा नव्हे. आपले रोहू-कटला ज्या कुळातले, त्याच कुळातला हा. चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वी तळ्यांत पाळलेल्या माशांतून निवडून निवडून हा सोनेरी वाण तयार झाला. तो तळ्याचा मासा आहे. मोकळ्या पाण्यात साधा गोल्डफिश फूटभर वाढतो आणि नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. आपल्याकडे तो दोन-चार महिन्यांत मरतो आणि ‘गोल्डफिशचं आयुष्यच तेवढं’ असं म्हणून आपण दुसरा आणतो. इटलीतल्या रोम शहरानं २००५ मध्ये गोल काचेच्या भांड्यात मासे ठेवायला बंदी घातली, तेव्हा पुष्कळ लोक हसले होते. त्या भांड्यातल्या माशाला हसू आलं नसतं.

याच संदर्भात एक समजूत सांगितली जाते. ‘मासा टाकीएवढाच वाढतो, काळजी नको.’ दुकानदार सांगतात, शेजारी सांगतात आणि ऐकायला ती फार सोयीची असते. तिच्यात अर्धं सत्य आहे, म्हणून ती टिकली आहे. कोंडलेल्या, घाण साचलेल्या पाण्यात माशाची वाढ खुंटते हे खरं. पण खुंटणं म्हणजे बेतानं वाढणं नव्हे. पोटभर जेवण न मिळालेल्या मुलाची उंची खुंटली, तर ‘मूल घराच्या मापाचं झालं’ असं आपण म्हणत नाही.

या दोन माशांना घरात एक कायमचा प्रेक्षक आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचं देवळात जाणं थांबलं. सकाळचा चहा झाला की त्या टाकीसमोरच्या खुर्चीत बसतात. मासे त्यांना ओळखतात, असं त्या म्हणतात. खाणं देणाऱ्याची आकृती दिसली की मासे काचेशी येतात, यात चमत्कार काही नाही. पण दिवसातून दोनदा आपल्याला बघून कोणीतरी लगबगीनं पुढे येतं, ही गोष्ट ऐंशीच्या घरातल्या माणसाला केवढी मोठी असते, हे मी रोज बघते. ‘अगं, त्यांना फार अडचण होतेय गं,’ असं त्यांनी एकदा म्हटलं. टाकीचा प्रस्ताव खरं म्हणजे त्या वाक्यातून आला. बाकी सगळे नंतर अनुमोदक झाले.

मोठी टाकी अवघड की सोपी?

‘दोन फुटांची सांभाळताना नाकी नऊ येतात, चार फुटांची कशी सांभाळणार?’ हा माझा पहिला आक्षेप होता. वाचत गेले तसं कळलं की गोष्ट उलटी आहे. मासे जे खातात, त्याचा निचरा अमोनियाच्या रूपानं होतो आणि तो मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात येतो. हा अमोनिया माशांना विषारी. पाण्यात आणि फिल्टरच्या स्पंजवर राहणारे काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंचसं निरुपद्रवी. साठलेलं नायट्रेट कमी करायचं तर थोडं पाणी बदलावं लागतं. सगळा खेळ एवढाच आहे. टाकी लहान असली की एखादा दाणा जास्त पडला, एखाद्या दिवशी वीज गेली, की विषाची मात्रा भराभर चढते. पाणी सहापट असलं की तीच चूक सहा हिश्श्यांनी पातळ होते. पातेलीभर आमटीत मिठाचा खडा जास्त पडला तर ती तोंडात धरवत नाही. पंगतीच्या हंड्यात पडला तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

तपमानाचंही तसंच. थोडं पाणी लवकर तापतं, लवकर गार होतं. आमच्या ठाण्यात मे महिन्यात टाकीतलं पाणी तिशी ओलांडतं. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, त्यामुळे हिवाळ्यात त्याला हीटर लागत नाही, पण उन्हाळ्यात तो वर येऊन तोंड उघडत राहतो. प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागावरून. म्हणून टाकीची उंची वाढवण्यापेक्षा तिचं ‘तोंड’ मोठं असणं महत्त्वाचं. पुढच्या निर्णयात या मुद्द्याचा फार उपयोग झाला.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. नवी टाकी आणली, भरली आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले, असं करून चालत नाही. ते जिवाणू बाजारातून काचेबरोबर येत नाहीत. त्यांची वस्ती रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या बायकांना हे समजावून सांगायला नको, कारण हे विरजणाचं काम आहे. जुन्या टाकीतला मळका स्पंज आणि थोडे खडे नव्या टाकीत घालायचे, की वस्ती लवकर धरते. आणि तो स्पंज नळाखाली खसाखसा धुवायचा नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन आपल्या पोटासाठी जंतू मारतं, ते इथलेही जंतू मारतं. टाकीतून काढलेल्या पाण्यातच स्पंज पिळावा. दर रविवारी टाकी पूर्ण उपसून, खडे साबणानं घासून, आरशासारखी लख्ख करणारी घरं मी पाहिली आहेत. त्या घरांत सोमवारी मासे का मरतात, याचं उत्तर त्या लख्खपणातच आहे. विरजणाचं भांडं रोज उकळत्या पाण्यानं धुऊन ‘दही का लागत नाही’ असं विचारण्यासारखं ते आहे.

स्लॅब काय म्हणतो?

मोठी टाकी माशांना बरी आणि सांभाळायला सोपी, इथवर घराचं एकमत झालं. मग वजनाचा प्रश्न आला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ३४० किलो पाणी, साठ-पासष्ट किलो काच, चाळीस-पन्नास किलो खडे, शिवाय लोखंडी स्टँड. एकूण पाचशे किलो, म्हणजे अर्धा टन. तोही सहा चौरस फुटांवर! राहत्या घराची जमीन किती भार सोसेल, यासाठी आपल्याकडे भारतीय मानक आहे. आय. एस. ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा वापराचा भार धरलेला आहे. आमच्या प्रस्तावातली टाकी चौरस मीटरला ९०० किलोच्या हिशेबानं बसत होती.

आकडा ऐकून नवऱ्यानं टाकी खालच्या मजल्यावर पडल्याचं चित्र रंगवलं. खालच्या घरी राहणारे गृहस्थ सोसायटीचे सेक्रेटरी असल्यामुळे ते चित्र आणखीच भीषण झालं. पण शंभर-दोनशेच्या आकड्यांना घाबरून जायचं कारण नाही आणि ते उडवून लावायचंही कारण नाही. मानकातला भार सबंध खोलीभर पसरलेला धरतात आणि आपली खोली काही सगळीकडे भरलेली नसते. पुस्तकांचं भरलेलं कपाट किंवा माणसांनी भरलेला पलंगही त्या मापाच्या वर जातो. मुद्दा असा की जड वस्तू खोलीच्या मध्यावर ठेवायची नाही. भिंतीलगत, खाली तुळई असेल तिथं आणि शक्यतो तुळईच्या जवळ ठेवायची. आणि इमारत जुनी असेल, स्लॅब गळत असेल, सळ्या गंजून पोपडे पडत असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय काहीच ठेवायचं नाही. आमची इमारत पस्तीस वर्षांची. आम्ही विचारलं. त्यांनी हॉलची एक भिंत दाखवली आणि उंची कमी करा म्हणाले.

एका हितचिंतकांनी याच काळात वेगळा सल्ला दिला होता. टाकी ईशान्य कोपऱ्यात, आठ सोनेरी मासे आणि एक काळा, म्हणजे घरात लक्ष्मी नांदते. ईशान्य कोपऱ्याखाली तुळई आहे का, ते मात्र त्यांना सांगता येईना.

उंचीचा आणखी एक हिशेब आहे. पाण्याचा दाब लांबीवर नव्हे, खोलीवर अवलंबून असतो. दोन फूट उंच आणि चार फूट लांब काचेवर आतून सुमारे सव्वादोनशे किलोचा रेटा बसतो, अहोरात्र. उंची दीड फूट केली की तोच रेटा सव्वाशेच्या आसपास उतरतो. अर्धा फूट कमी केल्यानं जवळजवळ निम्मा! शिवाय दोन फूट खोल टाकीच्या तळाशी पडलेली वस्तू काढायची तर काखेपर्यंत हात बुडवून स्टुलावर उभं राहावं लागतं. हा मुद्दा टाकी बघणाऱ्यांना सुचत नाही, साफ करणाऱ्यांना लगेच सुचतो.

बादली कोणाच्या हातात?

आता मूळ मुद्द्याकडे येते. आठवड्याला टाकीतलं चौथा हिस्सा पाणी बदलावं, असा साधारण नेम आहे. जुन्या टाकीत ते चौदा-पंधरा लिटर होतं, म्हणजे एक बादली. ३४० लिटरच्या टाकीत ते ८५ लिटर होणार, म्हणजे सहा बादल्या काढायच्या आणि सहा भरायच्या. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून किंवा क्लोरिन मारणारे थेंब घालून मगच ओतायचं.

पाण्याचा विषय निघाला की मला २०१६ चा एप्रिल आठवतो. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या राज्यात राहून माशांसाठी आठवड्याला ८५ लिटर खर्च करायचे का, हा प्रश्न मला टाळता येत नव्हता. मी हिशेब केला. दिवसाला बारा लिटर पडतात. शहरी माणसामागे दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, त्याच्या तो दहावा हिस्साही नाही. आणि हे पाणी वाया जात नाही. नायट्रेट म्हणजे झाडांचं खत. आमच्या गॅलरीतल्या कुंड्यांची तुळस, मोगरा आणि कढीपत्ता गेली काही वर्षं याच पाण्यावर पोसले आहेत. तरी सहा बादल्या कुंड्यांना जास्त होतात, म्हणून उरलेल्या पाण्यानं जिना धुवायचा, असं ठरलं. ज्या घरात टँकरचं पाणी विकत घ्यावं लागतं, त्या घरानं मात्र मोठ्या टाकीचा विचार करू नये, असंच मी म्हणेन. विजेचं ओझं त्या मानानं हलकं. वीस-पंचवीस वॅटचा फिल्टर चोवीस तास आणि तीस वॅटचा दिवा आठ तास चालला, तर महिन्याला पंचवीसेक युनिट होतात.

पैसा, पाणी, वीज यांचे हिशेब असे कागदावर मांडता येतात. हातांचा हिशेब कोणी मांडत नाही. टाकीची हौस सबंध घराची असते आणि बादली एकाच माणसाच्या हातात असते. तो माणूस कोण, हे वाचक भगिनींना सांगायला नकोच. पाहुणे आले की टाकी ‘आमची’ असते. शेवाळ धरलं की ‘अगं, टाकी बघितलीस का?’ असं होतं. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. घरातली झाडं, कुत्री-मांजरं, देवघरातली भांडी, सणासुदीला काढलेली पितळी परात, या सगळ्यांचं असंच होतं. पण कपाटात ठेवलेली परात सहा महिने थांबते. मासा थांबत नाही. म्हणून जिवंत प्राण्याच्या बाबतीत ‘बघू, होईल’ हे उत्तर चालत नाही. नाव आणि वार लागतो.

मोठी टाकी, पण कोणासाठी?

मोठी टाकी घेणाऱ्यांपैकी फार थोडे लोक ती जुन्या माशांसाठी घेतात. टाकी मोठी झाली की मोकळी जागा डोळ्यांत खुपू लागते. दुकानात गेलं की तीन इंचांचं ऑस्करचं पिल्लू गोंडस दिसतं. ते फूटभर होतं आणि शेजाऱ्यांना गिळतं. ‘शार्क’ म्हणून विकलं जाणारं रुपेरी पिल्लू शार्क नव्हेच, ते आग्नेय आशियातल्या मोठ्या नद्यांमधलं पंगस आहे आणि चार फुटांपर्यंत वाढतं. हॉटेलात ‘बासा’ म्हणून आपल्या ताटात येतो तो बहुधा हाच मासा. काच चाटून साफ करतो म्हणून घेतलेला ‘सकर’ दीड फुटाचा होतो. मग चार फुटांची टाकीही लहान पडते आणि कोणीतरी सुचवतं, ‘तलावात सोडून द्या, पुण्य लागेल.’ ठाण्यात तलावांना तोटा नाही, त्यामुळे हा सल्ला आम्हालाही मिळाला. यात पुण्य तर नाहीच, उलट नुकसान आहे. दक्षिण अमेरिकेतले हे सकर असेच सुटून पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत आणि आंध्रच्या मत्स्यतळ्यांत पसरले. ते काठ पोखरतात, जाळी फाडतात आणि स्थानिक माशांचं अन्न खातात. आपल्या हॉलमधली अडचण आपण कोळ्याच्या जाळ्यात नेऊन टाकतो.

हौसेची किंमत दूरच्या पाण्याला मोजावी लागते, हे काही आजचं नाही. बंद टाकीत वनस्पती आणि मासे यांचा समतोल राखता येतो, हे लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं १८५० मध्ये दाखवलं. १८५३ मध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयात माशांचं सार्वजनिक दालन उघडलं. पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि इंग्लंडातल्या दिवाणखान्यांना टाक्यांचं वेड लागलं. लोक बादल्या घेऊन समुद्रकाठी धावले. खडकांमधली जी डबकी गॉसनी प्रेमानं वर्णिली होती ती हौशी माणसांनी ओरबाडून रिकामी केली, ही खंत त्यांचा मुलगा एडमंड यानं १९०७ मध्ये ‘फादर अँड सन’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

आपल्याही दाराशी हेच घडलं. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, केरळच्या आणि त्याला लागून असलेल्या कर्नाटकाच्या ओढ्यांत, अंगावर लाल-काळा पट्टा असलेला एक देखणा मासा आहे. व्यापारात त्याला ‘मिस केरला’ म्हणतात. १९९० च्या दशकापासून तो ओढ्यांतून पकडून परदेशी टाक्यांसाठी पाठवला गेला आणि आज धोक्यात आलेल्या जातींमध्ये गणला जातो. २०१३ मध्ये संशोधकांनी त्याच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ असं नाव दिलं. नाव सह्याद्रीचं आणि तो स्वतः दूरदेशीच्या काचेत! मोठ्या टाकीत हा मासा थव्यानं फार शोभतो म्हणतात. शोभत असेल. पण तो कुठून आला हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

मरिन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झालं. माझ्या आणि माझ्या आईच्या पिढीतल्या किती मुलांनी शाळेच्या सहलीत तिथल्या काचेला नाक लावलं असेल! २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर तिथं पारदर्शक बोगदा आला, आणि २०२० मध्ये करोनाच्या काळात ते बंद झालं. अनेक जाती एकाच ठिकाणी बघायच्या, तर त्या अशा सार्वजनिक जागी बघाव्यात आणि अशा जागा शहरात नीट चालाव्यात म्हणून नागरिकांनी आग्रहही धरावा. प्रत्येकानं आपापल्या हॉलमध्ये छोटं तारापोरवाला उभारायचं ठरवलं, तर ते ना मत्स्यालय होतं ना घर.

मग मासे पाळूच नयेत का? असं म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मुलांच्या वाढदिवसाला जिवंत प्राणी वाटण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आमच्या टाकीतले दोघे आलेले आहेत. त्यांना परत पाठवायला कोणतीही नदी नाही, कारण त्यांच्या कैक पिढ्यांनी नदी पाहिलेली नाही. जे आले, त्यांचं शेवटपर्यंत नीट करायचं, एवढंच आपल्या हाती उरतं. मोठी टाकी ही त्यांची देणी फेडण्याची गोष्ट आहे, म्हणून ती घ्यावी. नवे मासे भरण्यासाठी घ्यायची असेल, तर घेऊ नये. माझं मत एवढंच आहे.

आमच्याकडे शेवटी ठरलं ते असं. चार फूट लांब, दीड फूट रुंद, पण उंची दीडच फूट. पाणी ३४० ऐवजी २५५ लिटर, एकूण वजन पावणेचारशे किलोच्या आसपास, आणि आठवड्याला सहाऐवजी चार बादल्या. गोल्डफिशला पोहायला लांबी हवी, उंची नको. आणि पाण्याचं तोंड पूर्वीच्या तिप्पट झालंच. मासे तेच, दोन. टाकी पाच-सहा आठवडे जुन्या टाकीशेजारी भरून ठेवायची, विरजण लागू द्यायचं आणि मग त्यांना हलवायचं. ‘एवढ्या मोठ्या टाकीत दोनच मासे?’ असं येणारा प्रत्येक जण म्हणणार. म्हणू द्यावं. चार खोल्यांच्या घरात दोनच माणसं राहिली, तर आपण त्याला ऐसपैस म्हणतो.

आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून झालं आहे. रविवार सकाळ, पाणी काढणं नवऱ्याकडे, भरणं मुलीकडे. स्पंज पिळणं महिन्यातून एकदा माझ्याकडे. दोन्ही वेळचं खाणं सासूबाईंकडे, आणि त्यात कोणी ढवळाढवळ करायची नाही. मुलगी दोन वर्षांत शिकायला बाहेरगावी जाईल, तेव्हा तिचा रविवार कोण घेणार, हेही आत्ताच विचारलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग नवऱ्यानं पेन घेतलं आणि तिच्या नावाखाली कंसात स्वतःचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही काचवाल्याला आगाऊ रक्कम देऊन आलो.